उशिराचे पान आणि रात्रीची स्वप्ने



दक्षिण मुंबईतल्या कचेरीतून निघून बोरिवली वा मुलुंडचे घर गाठायला नऊ वाजतात. साडेदहाला जेवण, अकराला अंथरूण. रात्री कोणी दचकून उठले की घरातली आजी म्हणते, "पोट जड झाले असेल." आजीचे निदान कितपत खरे?

चरकसंहितेने स्वप्नांचे सात प्रकार सांगितले. त्यांतला एक दोषज, म्हणजे वात-पित्त-कफाच्या बिघाडातून उपजणारा. कॅनडात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,०८२ विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना आहाराचा झोपेवर परिणाम जाणवला, स्वप्नांवर मात्र जेमतेम साडेपाच टक्क्यांना. दूध न पचणाऱ्यांत दुःस्वप्ने अधिक आढळली. पोट कुरकुरले की झोप चाळवते, आणि स्वप्न चालू असताना जाग आली की ते ध्यानात राहते. आजी बरीचशी बरोबरच म्हणायची!

घाटकोपरचे आपले जैन शेजारी सूर्यास्तापूर्वी जेवतात. गाडीत लोंबकळणाऱ्याने ते कसे साधावे? निघण्यापूर्वी कचेरीतच पोळी-भाजी खावी, घरी मुगाची खिचडी पुरे. पण सारे घर एकत्र बसते ते याच पानावर. ते मोडू नये. बसावे सर्वांनी, वाढून घ्यावे थोडे.