सांबराच्या शिंगांचं पंचांग





मी दूधधंद्यातला माणूस. प्राण्यांच्या संप्रेरकांवरील, प्राणिशास्त्राच्या अध्यापकांच्या या परिषदेचा स्वागताध्यक्ष मी कसा, असं कुणाला वाटेल. पण हा विषय आमच्या गोठ्यात रोजचा आहे. गोऱ्हा खच्ची केला की त्याची रग जाते, शिंगं मात्र जागच्या जागी राहतात. सांबर-चितळांच्या सारंग कुळात तसं नसतं. टणक शिंगांच्या नराची वृषणं काढली, तर टेस्टोस्टेरॉन घसरतं, शिंगाच्या बुडाशी हाड पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि काही आठवड्यांत शिंगं गळतात. नवी येतात ती मखमलीतच, म्हणजे लवदार कातडीच्या वेष्टनातच राहतात. धडधाकट नरात हेच टेस्टोस्टेरॉन आपसूक चढतं-उतरतं. चढलं की शिंग टणक होतं, मखमल सुकून सोलली जाते आणि नर माजावर येतो. उतरलं की शिंग गळतं. उलट रेहेकुरी अभयारण्यातलं काळवीट कुरंग कुळातलं, त्याची शिंगं जन्मभराची.

हा चढउतार ठरवतं कोण? थंड प्रदेशात दिवसाची लांबी. ब्राउन विद्यापीठाच्या रिचर्ड गॉस यांनी कृत्रिम उजेडात सिका हरणांचं वर्ष सहा महिन्यांत बसवलं. हरणांनी वर्षात दोनदा शिंगं बदलली. पण स्कॉटलंडसारख्या थंड प्रदेशात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात दहा-अकरा तासांचा फरक असतो. इथे संगमनेरात जेमतेम सव्वादोन तासांचा. आपल्याकडे चितळांच्या एकाच कळपात एक नर मखमलीत, दुसरा टणक शिंगांचा आणि तिसरा बोडका दिसतो. मग आपल्या हरणांचं पंचांग कशावर चालतं? पुस्तकं बहुतेक थंड देशांतली. मला तर खरा प्रश्न हाच वाटतो.

शेजारच्या अकोले तालुक्यात १९८६ साली घोषित झालेलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथे सांबर आहे, भेकर आहे. आपले विद्यार्थी त्या भागात भंडारदरा-रतनवाडीला सहलीला येतातच. या प्रश्नाचा माग काढायला त्यांच्या हाती एक वही द्या. हरीण दिसलं की तारीख, जागा आणि शिंग मखमलीत की टणक, एवढंच लिहायला सांगा. गळालेलं शिंग सापडलं तर उचलू देऊ नका. सांबरशिंग उगाळून लावणारी घरं अजून आहेत, पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. फोटो काढा, वनरक्षकाला कळवा आणि ती वही पुढच्या परिषदेला घेऊन या.