पळताना चक्कर आली तर साखरपाण्यावर भागवू नका

बचत गटाची समन्वयक म्हणून मी गावोगावच्या बैठकांना येते, तेव्हा हप्त्यांचं आणि व्याजाचं बोलते. आज मात्र आपल्या पळणाऱ्या, खेळणाऱ्या मुलामुलींच्या हृदयाबद्दल बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. एका सकाळी 1600 मीटर पळता पळता तो कोसळला. मिनिटभरात शुद्धीवर आला. मी तिथेच होते. लिंबू-साखरपाणी पाजलं आणि वर सुनावलं, “उपाशीपोटी कशाला पळतोस?” पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. तेव्हा त्याची आजी बोलून गेली, “याचा चुलताही असाच गेला, काम करता करता. तिशीही गाठली नव्हती.” हे ऐकून आशाताई म्हणाल्या, “आधी डॉक्टरकडे चला.”

ईसीजीत बिघाड दिसला. मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हा आजार घराण्यात उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांनी वडिलांची आणि बहिणीचीही तपासणी करायला सांगितली. मुलगा आज औषधं घेतो आणि दुसऱ्या परीक्षांचा अभ्यास करतो. मला अजून ते साखरपाणी आठवतं आणि पोटात गोळा येतो.

मैत्रिणींनो, असे आजार फार जणांना नसतात, म्हणून मुलांचं खेळणं बंद करू नका. पण ज्याला आजार असतो, तो वरून धडधाकट दिसतो. इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. तिथल्या व्हेनेतो भागात पुढच्या वीसेक वर्षांत तरुण खेळाडूंचे अचानक होणारे मृत्यू जवळजवळ 90 टक्क्यांनी कमी झाले.

आपल्याकडे अशी सक्ती नाही. मग आपणच चार गोष्टी विचारू या. पळताना किंवा खेळताना कधी शुद्ध हरपली का? छातीत दुखतं का? बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर धाप लागते का, की छाती एकदम धडधडते? आणि घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलांना माहीत नसतं. ते आपल्याला आणि आपल्या सासूबाईंना माहीत असतं. कोण झोपेत गेलं, कोण पोहताना गेलं, हे आपण दुःखामुळे बोलत नाही. कधी “बाहेरचं झालं” म्हणून सोडून देतो. ते डॉक्टरांना सांगा. माहेरचं आणि सासरचं, दोन्हीकडचं सांगा.

चारपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ईसीजीला सुई टोचत नाहीत, पाचदहा मिनिटांत होतो. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तपासणी होते. तिथेही हे सांगा.

तपासणीत सगळंच सापडतं असं नाही. 2021 मध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन भर सामन्यात कोसळला. लगेच छाती दाबली, यंत्राने विजेचा झटका दिला, म्हणून तो वाचला. आपल्याकडे कोणी कोसळलं, हाक मारून हलत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर कांदा हुंगवत बसू नका, पाणी पाजू नका. एकीने 108 ला फोन लावा. दुसरीने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात आणि भरभर दाबत राहा, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की पाच मिनिटं काढा. ज्यांची मुलंमुली भरतीला, कबड्डीला, शर्यतीला जातात, त्यांना हे चार प्रश्न विचारा. आणि आशाताईंना बोलावून छाती कशी दाबायची ते शिकून घ्या.