एकच विद्यापीठ, दारं मात्र निराळी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत एकच प्रश्न ऐकू येतो, "त्या कॉलेजची लिस्ट नव्वदला थांबली, आमच्या पोरीला सत्तर. आता काय करायचं?" त्यावर आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

उल्हासनगरचे चांदीबाई आणि तलरेजा, बदलापूरचे आदर्श, कल्याणचे बिर्ला, माटुंग्याचे रुईया ही सारी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न. पदवी त्याच विद्यापीठाची, तरी प्रवेशाची रेषा प्रत्येकाची निराळी. कारण कला, वाणिज्य, विज्ञानासाठी विद्यापीठाकडे फक्त नावनोंदणी होते. गुणवत्ता यादी ज्याचे त्याचे कॉलेज लावते.

कट-ऑफ म्हणजे शेवटची जागा मिळालेल्या मुलाचे गुण. जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, की रेषा वर चढते. तिथे शिकवतात कसे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं आधी आत जातात, व्यवस्थापनाचा कोटा असतो. उरलेल्या जागांवर बाहेरच्यांची झुंबड उडते.

आता आपल्या कामाची गोष्ट नीट ऐका. अनुसूचित जातींच्या 13 टक्के जागा प्रत्येक कॉलेजात असतीलच, असे धरून चालू नका. घटनेच्या कलम 15(5) मधील आरक्षणाच्या तरतुदीतून अल्पसंख्याक शिक्षणसंस्था वगळल्या आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी उल्हासनगरात कॉलेजं उभी केली, ही मोठीच गोष्ट. पण सिंधी भाषिक अल्पसंख्याक संस्थेतला कोटा सिंधी भाषकांचा असतो. "बौद्धही अल्पसंख्याकच की!" असे म्हणून तो आपल्याला मिळत नाही. म्हणून प्रवेशपुस्तिका घरात मोठ्याने वाचा आणि आपल्यासाठी जागा किती, हे कॉलेजात जाऊन विचारा. विचारायची लाज कसली?

बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तेही याच विद्यापीठाचे. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. ज्यांच्यासाठी दार बंद होते, त्यांना सोयीचे दार बाबासाहेबांनी करून दिले. आपण ते शोधायचाही कंटाळा करावा का?

तेव्हा पालकहो, एकाच नावावर अडून बसू नका. एक कॉलेज गुणांच्या वरचे, दोन आवाक्यातली, एक घराजवळचे, असे अर्ज भरा. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. रोजची गर्दी आणि पासचा खर्चही हिशेबात धरा. जातीचा दाखला निकालाआधी काढून ठेवा. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून पोरीला घरी बसवू नका; दुसरी, तिसरी यादीही लागते.

सत्तर टक्क्यांची पोर काही कमी नाही. तिच्या पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचेच येणार आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!