एका दिवसाचा शेक



किरणोपचार करणाऱ्यांच्या या सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद मला दिल्याबद्दल कार्यकारिणीचा मी ऋणी आहे.  माझ्या आधीच्या अध्यक्षांनी ही सभा वाढवली, जपली. 

अध्यक्षाने आपल्या शास्त्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गला विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरण गवसले. त्यांनी पेटंट घेतले नाही. शोध जगाला खुला ठेवला. म्हणूनच १८९६ सालीच लियाँ शहरात पोटाच्या कॅन्सरवर या किरणांचा प्रयोग होऊ शकला. रोग पाहणे आणि रोगावर मारा करणे, ही दोन्ही कामे या किरणांनी जवळजवळ एकदमच सुरू केली. १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात लिनॅक या किरणोपचाराच्या यंत्रावर रुग्णांचे उपचार सुरू झाले. १९७१ मध्ये लंडनमध्येच हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅनरने पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला. आपल्याकडे १९४१ मध्ये टाटा मेमोरियल उभे राहिले आणि पुढे मुंबईच्याच ‘समीर’ संस्थेने भारतीय बनावटीचे लिनॅक तयार केले. आज आपण सीटीवर गाठ मिलिमीटरमध्ये आखतो आणि लिनॅकवर सहा मेगाव्होल्टचे किरण तिथेच पोचवतो.

आढावा इथे थांबवतो. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचे आहे. त्यावर बोलण्याची संधी मी कित्येक वर्षे शोधत होतो.

कॅन्सर हाडात पसरलेला रुग्ण वेदनेने तळमळत आपल्याकडे येतो. त्याला आपण सर्रास दहा दिवसांचे रेडिएशन लिहून देतो: रोज तीन ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक), एकूण तीस. हाड मोडण्याच्या बेतात नसेल, मज्जारज्जूवर दाब नसेल, तर आठ ग्रेचा एकच डोस वेदना तितक्याच शमवतो. ही माझी लहर नाही. १९९९ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधील मोठ्या चाचण्यांनी ते दाखवले, २००५ मध्ये अमेरिकेतील चाचणीनेही. सर्व चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा दोन्ही गटांत साधारण दहापैकी सहा रुग्णांना आराम पडलेला दिसला. फरक एवढाच, की एका डोसनंतर शंभरातल्या सुमारे वीस जणांना पुन्हा रेडिएशन द्यावे लागले, जास्त डोसांनंतर सुमारे आठ जणांना. म्हणजे शंभरातल्या ऐंशींना दुसऱ्यांदा टेबलावर यावे लागले नाही.

काल दुपारच्या सत्रात यावर बराच वाद झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, आठ ग्रेची जैविक मात्रा कमी पडते. गाठ नष्ट करायची असेल तर पडतेच. पण दुखणे थांबवायला गाठ नष्ट करावी लागत नाही. दुसऱ्यांनी विचारले, वीस जणांना परत बोलवायचे कसे? त्यांना मी माझ्या ओपीडीतला अनुभव सांगतो.

दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावातून एक बाई आल्या होत्या. स्तनाचा कॅन्सर खुब्याच्या हाडात उतरलेला. आधी त्या एका मोठ्या शहरातल्या केंद्रात गेल्या होत्या. तिथे दहा दिवस लिहून मिळाले. मुलाने मजुरी सोडली, दोघे धर्मशाळेत राहिले. चौथ्या दिवशी पैसे संपले आणि ती माणसे उपचार अर्धवट टाकून गावी परतली. दुखणे वाढले तेव्हा आमच्याकडे आली. एक्स-रेवर हाडाची कडा शाबूत होती, मोडण्याचा धोका नव्हता. आधीच्या चार दिवसांचा डोस हिशेबात धरून सकाळी सीटी सिम्युलेशन केले, दुपारपर्यंत प्लॅन झाला, चार वाजता आठ ग्रे दिले. पहिले एक-दोन दिवस दुखणे उसळी घेऊ शकते, म्हणून गोळ्या लिहून दिल्या. बाईंनी विचारले, “साहेब, शेक किती दिवस?” मी म्हटले, “झाला.” त्या मुलाकडे पाहत म्हणाल्या, “मंग सांजच्या येष्टीनं घरी जाता येईल?”

महिन्याभराने मुलाचा फोन आला. आई रात्री झोपत होती, अंगणात फिरत होती. पुढे कण्यात दुसऱ्या जागी दुखू लागले, तेव्हा त्या आपणहून आल्या. एका दिवसात घरी जाता येते हे ठाऊक असलेला माणूस परत येतो, मित्रहो. चार दिवस धर्मशाळेत काढून पैसे संपलेला माणूस येत नाही.

मग दहाचा आकडा टिकतो कशाने? काही अंशी सवयीने. आपल्या गुरूंनी तेच शिकवले. काही अंशी ‘कमी दिले तर नातेवाईक काय म्हणतील’ या भीतीने. आणि जिथे जास्त दिवसांना जास्त मोबदला मिळतो, तिथे मोबदल्याने. हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणतो, कारण बाहेर कुजबुजून काही बदलत नाही. ज्याच्या हाती काही महिने उरले आहेत, त्याचे दोन आठवडे आपण आपल्या सवयीसाठी खर्च करतो. तेवढा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही.

अपवाद आहेत, ते मीही पाळतो. मांडीच्या हाडाची कडा लांबवर कुरतडली असेल तर आधी ऑर्थोपेडिक सर्जनचे मत घ्यावे. पाय लुळे पडू लागले असतील तर त्या रुग्णाचा विचार वेगळा. पण अपवादाला नियमाच्या गादीवर बसवू नका.

येत्या वर्षात या सभेने हाडांच्या वेदनेसाठी येणाऱ्या रुग्णांची राज्यभर एक नोंद ठेवावी, त्याच दिवशी सिम्युलेशन, प्लॅन आणि उपचार उरकण्याची पद्धत जिल्ह्यांतल्या केंद्रांना शिकवावी आणि सरकारी योजनांच्या दरांबद्दल शासनाशी बोलावे. तपशील कार्यकारिणी ठरवेल. मी लागेल तितका वेळ देईन.

रेसिडेंट मित्रांनो, मला आशा तुमच्याकडून आहे. सोमवारी ओपीडीत असा रुग्ण आला आणि वरिष्ठांनी दहा दिवस सांगितले, तर नम्रपणे कारण विचारा आणि ते केस पेपरवर लिहा. लिहिण्याजोगे कारण नसेल, तर आठ ग्रे, एकदाच, त्याच दिवशी.