आखाजीचा आठवडा आणि आडवी केळी



खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, पितरांची घागर भरली जाते, खापरावर पुरणाचे मांडे होतात. नेमक्या याच दिवसांत तापलेल्या जमिनीवरून ओली हवा वेगाने वर चढते, आणि दुपार कलली की वादळ, वीज, गारा. घरात पान वाढलेले, शिवारात घडाने वाकलेली केळ आडवी. अकरा-बारा महिन्यांचे पीक घटकाभरात जाते. लेकीची बोळवण कशाने करायची, हे बाप कोणालाच विचारू शकत नाही.

आम्ही गावोगाव दोन गोष्टी सांगतो. एक, गडगडाट ऐकू आला की पोरींना झोक्यावरून उतरवून घरात घ्या. झाडाखाली उभे राहू नका. पीक पुन्हा लावता येते, माणूस नाही. दुसरी, पंचनाम्याआधी शेत साफ करू नका. विमा असेल तर 72 तासांच्या आत कळवा, फोटो काढून ठेवा. सरकारी मदतीसाठी नुकसानीची अट 2015 साली 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आली आहे. 'थोडेच पडले' असे कोणी म्हणाले, तर झाडे मोजायला लावा.

पण मदतीने संसार उभा राहत नाही. वादळ नसलेल्या वर्षी भाव मिळाला, गाठीला चार पैसे राहिले, तरच वादळाच्या वर्षीही लेक हसत सासरी जाईल. आमचे भांडण आभाळाशी नाही, त्या भावासाठी आहे.