उन्हाळी मुलखांतील हीटर

श्रोतेहो, चंद्रपूरच्या बाजारांत मोटारीचा हीटर मागणारा मनुष्य वेडाच ठरावयाचा! मे महिन्यांत जेथें पारा ४५ अंशांपुढें जातो, तेथें ऊब हवी कोणाला? परंतु वडिलांच्या मागें राहिलेल्या जुन्या विलायती मोटारीसाठीं मला तो मागावा लागला. त्याचें कारण सांगतों.

हीटर म्हणजे डॅशबोर्डाखालचा लहानसा रेडिएटरच. एंजिनांतील तापलेलें पाणी रबरी नळीनें त्यांत येतें, पंखा त्यावरून वारा घालतो, आणि पाणी परत जातें. म्हणजे हीटर फुटला कीं पाणी गळतें तें एंजिनाचेंच! मूलहून गडचिरोलीकडे जातांना, भर रानांत, माझें असेंच झालें. वाफ दिसतांच गाडी थांबविली, म्हणूनच सिलिंडरचें डोकें वांकलें नाहीं. एंजिन निवाल्यावर हीटरकडील नळ्या सोडविल्या, एकच नळी एंजिनाच्या दोन्ही तोंडांना बसविली, पाणी भरलें आणि सावकाश गांव गांठलें.

पुढें पुष्कळ दुकानें धुंडाळलीं. सुटा भाग मिळाला नाहीं. अखेर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिरानें जुना पितळी गाभाच डाख देऊन सांधला. नवी नळीहि जुन्या तुकड्याचा आंतील व्यास मोजूनच घेतली. तेव्हां, श्रोतेहो, निकामी भाग कधीं फेकूं नये. नमुना तोच असतो.

आणि गंमत अशी, कीं आतां एंजिन फार तापूं लागलें म्हणजे मी भर उन्हांत हीटर चालू करतों. त्या वाटेनें एंजिनाची उष्णता बाहेर पडते. घामाच्या धारा मला लागतात. पण वडिलांची गाडी निवते!