लोखंडाची कांती : धातूच्या फर्निचरचा कलाविचार

धातूचे फर्निचर टिकाऊ असते हे सर्वमान्य आहे. ते देखणे करण्याचे काम मात्र बहुधा शेवटी रंगाऱ्यावर सोपवले जाते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की धातूची कांती, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर केलेले संस्कार, हा वरून चढवायचा साज नसून घडणीचाच भाग आहे, आणि या विचाराला सातारा-सांगलीच्या इतिहासात भक्कम आधार आहे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८८५ साली चित्रकला शिकू लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंगांधळेपणामुळे ती वाट सोडावी लागली, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे त्यांनी बेळगावात काढलेला कारखाना तेथून हलवण्याची पाळी आली, त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगरासाठी नावाजलेल्या या कारखान्याने पुढे लोखंडी फर्निचरही घडवले, तर बाळासाहेबांनी १९३८ मध्ये औंधला श्रीभवानी संग्रहालय उभारले. कला आणि कारखाना यांचा आश्रयदाता येथे एकच होता.

आज नळीची खुर्ची घडते तेव्हा वेल्डिंगचे सांधे घासून एकजीव केले जातात, तेलकटपणा व गंज काढला जातो आणि नंतर फॉस्फेटचा थर दिला जातो. हा अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर रंगाला पकड देतो. त्यावर विद्युतभारित कोरडी भुकटी फवारून ती भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवली, की सलग कवच तयार होते. यालाच पावडर कोटिंग म्हणतात. आधीची सफाई अपुरी राहिली, तर त्याच कवचाखाली गंज पसरून रंगाचे पापुद्रे सुटतात. तांब्याच्या पत्र्यावर तांबट जे मठारकाम करतात, म्हणजे हातोडीने सारख्या अंतरावर ठोके उमटवतात, त्यात पत्रा कणखर होतो आणि प्रत्येक ठोक्यावर उजेडही खेळतो. बळकटी आणि नक्षी एकाच घावात साधते. आम्लाने किंवा क्षारांनी आणलेली रंगछटा, जिला पॅटिना म्हणतात, ती तांब्याला संरक्षण देते. लोखंडाचा गंज मात्र धातूला खातच जातो, म्हणून तेथे छटा साधल्यावर मेण किंवा लाखेसारखा लेप अनिवार्य ठरतो.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे : कोणता धातू, कोणता सांधा आणि कोणती कांती, हे तिन्ही निर्णय रेखाटनाच्या कागदावरच एकत्र झाले पाहिजेत. कुपवाड, पलूस आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतील कारखानदारांनी चित्रकार, शिल्पकार व तांबट यांना रंगकामाच्या वेळी नव्हे, तर पहिल्या आराखड्याच्या वेळी बोलवावे, आणि कलाशाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना भट्टीपर्यंत न्यावे.